फडातली माणसे कुणाची?





हंगाम तोंडावर आला की आपल्या सर्वांच्या ओठावर तेच प्रश्न असतात. माझी तोड कधी? चिटबॉय येऊन गेला का? लागणीची तारीख कोणती धरली? उतारा किती बसेल? काट्याला फरक नाही ना? हे प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे, आणि या पत्रिकेतून आम्ही ते वेळोवेळी मांडलेही आहेत. आज मात्र आम्ही असा एक प्रश्न मांडणार आहोत, जो वार्षिक सभेत कोणी विचारीत नाही, अहवालात छापून येत नाही, आणि निघालाच तर "ते मुकादमाचं, आपल्याला काय त्याचं?" म्हणून बाजूला सारला जातो. आपला ऊस तोडायला जी माणसे येतात, त्यांच्या मजुरीवर, मोकळेपणावर आणि बायामाणसांच्या इभ्रतीवर कुणी हात टाकला, तर त्याची जबाबदारी कुणाची?

एक हकीकत सांगतो. ती ऐकीव नाही. आमच्यातल्याच एकाच्या घरची आहे. जानेवारीचे दिवस होते. फडात टोळी उतरली होती. घरातल्या म्हाताऱ्या आईंना सवय अशी, की टोळी आली की त्यांच्या लेकराबाळांना ताकभाकरी द्यायची, बायांना विहिरीवर धुण्याला जागा करून द्यायची. त्यांच्या ध्यानात आले, की टोळीतली एक बाई, असेल बावीस-तेवीस वर्षांची, रात्रीच्या भरणीचे नाव काढले की काहीतरी निमित्त काढून मागे राहते, आणि मुकादम तिच्या नवऱ्याच्या नावावर खाडा मांडतो. आईंनी तिला जवळ बसवून विचारले. ती आधी बोलेना. मग म्हणाली, "काय सांगावं माय, गाडीवाल्याची नजर चांगली नाही. रात्री मला एकटीलाच मोळ्या द्यायला थांबवतो. अंगाला हात लावतो. ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात, गप रहा. उचल फिटायची राहिलीय, कोयता मोडला तर सगळी रक्कम आजच मागतील."

आईंनी ते मुलाच्या कानावर घातले. मुलगा, म्हणजे आपला सभासद, शिकलेला, चार लोकांत ऊठबस असलेला. तो म्हणाला, "आई, आपण मधे पडायचं नाही. आधी ऊस जाऊ दे." ऊस गेला. टोळी पुढच्या फडावर गेली. बिलही जमा झाले. पण आई अजून अधूनमधून विचारतात, "त्या पोरीचं पुढं काय झालं रे?" आमच्या मित्राजवळ त्याला उत्तर नाही. आम्हाला वाटते, ते उत्तर आपल्यापैकी पुष्कळांजवळ नसेल. कारण "आधी ऊस जाऊ दे" हे वाक्य त्याचे एकट्याचे नाही.

आता थोडे मागे जाऊ. आपला कारखाना सहकारी आहे म्हणजे काय, हे नव्या पिढीच्या सभासदांनी एकदा समजून घ्यावे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि खतपत्रे जाळली. ते लोण पुढे पुणे-नगर भागात पसरले. का? तर एकदा अंगठा उठवला की बाप मेला तरी कर्ज मरत नव्हते. वहीत काय लिहिले ते सावकारालाच ठाऊक. व्याजात धान्य जाई, धान्य संपले की बैल, बैल संपले की जमीन, आणि शेवटी माणूस स्वतःच सावकाराच्या दारात राबायला उभा राही. सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा राहिला, आणि त्या वाटेने आपण सारे गेलो. सहकार उभा राहिला तो हा पाश तोडण्यासाठी. वही आपल्या हातात आली, हिशोब आपल्याला कळू लागला, म्हणून आपण माणसात आलो.

आता तोच पाश आपल्या फडात पाहा. बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगरच्या कोरडवाहू गावांतून जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो. वही मुकादमाजवळ. खर्चीला दिलेले पैसे, आजारपणाला दिलेले पैसे, खाडे, सारे त्या वहीत. मजुराला वाचता येत असले तरी वही बघायला मिळत नाही. हंगाम सरला की बाकी निघते, आणि त्या बाकीपोटी पुढच्या वर्षी पुन्हा यावे लागते. आपल्या पणज्याच्या खतपत्रात आणि या वहीत फरक तो काय?

कोणी म्हणेल, उचल घेतात आणि उधळतात, त्याला आम्ही काय करणार? आपण हिशोब करणारी माणसे आहोत, हिशोबच करू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपये होते ते ३६६ झाले. त्या दराने एका कोयत्याने पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबून दिवसाला दोन टन ऊस तोडला असे धरा. ७३२ रुपये झाले, तेही दोन माणसांचे. हंगाम १०० दिवस चालला आणि एकही दिवस खाडा पडला नाही, तर ७३,२०० रुपये. उचल १ लाख घेतली असेल, तर शंभर दिवस न थांबता राबूनही २६,८०० रुपये बाकी राहिले, आणि यात खायला घेतलेली खर्ची धरलेलीच नाही. हंगाम पूर्वीसारखे लांबत नाहीत हे आपण पाहतोच. म्हणजे बाकी राहते ती सगळी उधळपट्टीने राहते हे खरे नाही. ती गणितातच बसवलेली आहे.

उचल देणे-घेणे एवढ्यानेच गुन्हा होत नाही. पण उचलीच्या जोरावर माणसाला जाऊ न देणे, दुसरीकडे काम करू न देणे, अडकवून ठेवून राबवणे, याला कायद्यात नाव आहे: वेठबिगारी. घटनेच्या २३ व्या कलमाने ती बंद आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते, आणि वेठीने राबवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले काम हीसुद्धा वेठच ठरते, असे सांगितले. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सक्तीने राबवणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि शोषणासाठी माणसांना फसवून, धाकाने वा लोभ दाखवून नेणे हा तर त्याहून कितीतरी मोठा गुन्हा आहे. "आमचा व्यवहार आहे" म्हणून यातून सुटका नाही.

आता बायकांविषयी. हा विषय काढला की आपल्या बैठकीत माणसे खाली बघतात. पण बघायला हवे. कोयता दोघांचा, पण नाव नवऱ्याचे, अंगठा नवऱ्याचा, पैसा नवऱ्याच्या हातात. बाई राबते निम्मे, किंबहुना स्वयंपाकपाणी धरले तर जास्तच. पण वहीत ती नाहीच. जी वहीत नाही तिची तक्रार कोण लिहून घेणार? तळावर संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, कोपीला दार नाही, रात्री दिवा नाही. भरणी रात्री-अपरात्री. मुकादम, गाडीवाला, कधी गावातली टग्या पोरे, आणि लाज वाटते पण लिहितो, कधी शेतमालकसुद्धा, या सर्वांना ठाऊक असते की ही बाई बोलणार नाही. न बोलण्याचे कारण तिची भीड नव्हे. वर सांगितलेली उचल हेच ते कारण. म्हणून आम्ही म्हणतो की मजुरीची लूट आणि बाईच्या अब्रूची लूट हे दोन प्रश्न नाहीत. दोघांची मुळी एकच आहे. ज्याला सोडून जाता येत नाही, त्याला नाही म्हणता येत नाही.

याची किंमत बाया आपल्या शरीराने मोजतात. २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी एकट्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायांमागे एक. अंग दुखते म्हणून, पाळीच्या दिवसांत खाडा पडतो म्हणून, अस्वच्छतेने आजार जडला म्हणून, आणि डॉक्टरांनी भीती घातली म्हणून. आपल्या घरात अशी एक शस्त्रक्रिया ठरली तर आपण तीन डॉक्टर गाठतो.

पुष्कळांचा समज आहे की नोकरीच्या ठिकाणी स्त्रियांना होणाऱ्या त्रासाविरुद्धचा कायदा हा शहरातल्या कचेऱ्यांसाठी आहे. हा समज चूक आहे. त्या कायद्याचा उगमच खेड्यात आहे. राजस्थानातल्या भटेरी गावी शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात काम करणाऱ्या भंवरी देवींनी बालविवाह अडवण्याचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामुदायिक अत्याचार झाला. त्यातून जे प्रकरण उभे राहिले, त्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा नावाने ओळखली जाणारी मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि २०१३ साली कायदा झाला. त्या कायद्यात ठेकेदारामार्फत, मध्यस्थामार्फत लावलेली बाईसुद्धा कामगारच आहे, मुख्य मालकाला ते ठाऊक असो वा नसो. कामाच्या निमित्ताने जिथे जावे लागते ती जागा आणि त्यासाठी दिलेली गाडी हेही कामाचे ठिकाणच. फड, तळ आणि ट्रॅक्टर त्यात बसत नाहीत असे म्हणायला आम्हाला तरी जागा दिसत नाही. जिथे दहा किंवा अधिक माणसे कामाला, तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणच्या बायांसाठी, किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तालुक्याला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे तक्रार दिली तर त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यावी. अडचण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. टोळी मात्र तोवर तीन गावे बदलते. म्हणून ही माहिती तिला पहिल्या दिवशी मिळायला हवी.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर आम्ही एकतर्फी लिहिले असे म्हणाल. आपलीच मुले ट्रॅक्टर घेऊन वाहतुकीला लागतात. बँकेचे कर्ज काढून मुकादमाला दहा-दहा लाख देतात, आणि दसरा उलटला तरी टोळी येत नाही. मुकादमाचा फोन बंद. घर गहाण पडलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. खुशालीच्या नावाखाली शेतकऱ्याची अडवणूक होते, पैसे मोजल्याशिवाय फडाला कोयता लागत नाही, हेही खरे. हा राग खोटा नाही. पण राग कुणावर काढायचा? पैसे घेतले मुकादमाने आणि डांबून ठेवायचे कोयत्याला, त्याच्या बायकोला, म्हाताऱ्या बापाला? चोर सोडून संन्याशाला सुळी, असा हा न्याय झाला. फसवले असेल त्याच्यावर फिर्याद करा, दिवाणी दावा लावा. कारखान्याने त्यात वाहतूकदाराच्या पाठीशी उभे राहावे, असे आमचेही म्हणणे आहे. पण माणूस हे तारण नव्हे. शेतीमाल तारण ठेवता येतो, दागिना ठेवता येतो. माणूस ठेवता येत नाही. खुशालीचा निकाल शेतकी ऑफिसात लावा. तिच्या बदल्यात कुणाच्या अंगावर हक्क येत नाही.

काही जण म्हणतात, आता तोडणी यंत्रे आली, हा प्रश्न आपोआप मिटेल. यंत्र येईल तिथे येईल. पण वीस गुंठ्यांच्या तुकड्यात, ओल्या रानात, वाकड्या बांधात यंत्र फिरत नाही. जोवर आपल्या फडात एक तरी कोयता चालतो, तोवर प्रश्न आपला आहे.

मग करायचे काय? सभासदांनी करण्यासारखे थोडेच आहे, पण ते कुणालाही करता येण्यासारखे आहे.

पहिले, आपल्या रानात टोळी उतरली की तळासाठी पाण्याजवळची जागा द्या, अंघोळीला चार बाजूंनी आडोसा उभा करा, रात्री एक दिवा लावू द्या. बारदान आणि चार वासे, याला खर्च तो काय?

दुसरे, आपल्या घरातल्या बायांना टोळीतल्या बायांशी बोलू द्या. आई, पत्नी, सून यांना जे पहिल्या दिवशी कळते ते आपल्याला हंगाम सरला तरी कळत नाही. आणि घरातल्या बाईने काही कानावर घातले, तर "आधी ऊस जाऊ दे" म्हणू नका.

तिसरे, रात्रीच्या भरणीला एकट्या बाईला थांबवू देऊ नका. रान आपले आहे. तेवढे सांगायचा आपल्याला अधिकार आहे. ऐकले नाही तर गाडी थांबवा आणि गट ऑफिसला कळवा.

चौथे, कुणाला मारहाण होताना, कोंडून ठेवलेले किंवा आजारी असून कामाला जुंपलेले दिसले तर ११२ ला फोन करा. बाईला मदत हवी असेल तर १८१, वकिलाचा फुकट सल्ला हवा असेल तर १५१००. हे तीन आकडे गोठ्याच्या भिंतीवर चुन्याने लिहून ठेवा. वेठीने राबवले जात असेल तर जिल्हाधिकारी व तहसीलदारांकडे अर्ज देता येतो.

कारखान्याकडेही आमच्या मागण्या आहेत, आणि त्या सभासदांनी वार्षिक सभेत आपल्या म्हणून मांडाव्यात. प्रत्येक कोयत्याची नोंद नवरा आणि बायको अशी दोन नावांनी व्हावी. मजुरी दोघांच्या स्वतंत्र खात्यांवर जावी, आणि पंधरवड्याचा हिशोब कागदावर प्रत्येकाच्या हातात पडावा, म्हणजे मुकादमाच्या वहीची मक्तेदारी संपेल. उचलीला मर्यादा असावी, आणि ती टप्प्याटप्प्याने, लेखी करारावर, बँकेतून दिली जावी. यात वाहतूकदाराचेही पैसे वाचतील. बाई पाळीत, गरोदर किंवा आजारी असेल त्या दिवसाचा खाडा धरू नये. कारखान्याच्या अंतर्गत समितीत तोडणी मजूर महिलांच्या तक्रारी घेतल्या जातात हे प्रत्येक तळावर फलक लावून सांगावे, आणि आठवड्यातून एकदा एखादी महिला कर्मचारी तळावर जाऊन यावी. ज्या मुकादमाविरुद्ध किंवा गाडीवाल्याविरुद्ध गुन्हा शाबीत होईल त्याच्याशी पुन्हा करार करू नये, मग तो कुणाच्या का नात्यातला असेना.

पैशाचे काय, असे कोणी विचारील. २०२१ साली शासनाने ठरवले की गाळपाच्या दर टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तितकेच शासनाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला द्यावेत. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे त्यात पन्नास लाख होतात. हा पैसा शेवटी आपल्याच उसातून जातो. तो तळावरच्या संडासाच्या, दवाखान्याच्या रूपाने परत येतो की नाही, हे विचारणे आपले कामच आहे. आपण काट्याचे वजन विचारतो, उताऱ्याचा टक्का विचारतो. याचाही हिशोब विचारू.

हे सारे दया म्हणून करा, असे आम्ही म्हणत नाही. दया आली तर येते, नाही तर नाही. तिच्यावर कुणाचा हक्क चालत नाही. आपण सावकाराच्या दारात उभे होतो तेव्हा आपल्याला दया नको होती, हिशोब हवा होता आणि सुटका हवी होती. तेच आज दुसरे कुणी मागत आहे, आणि या वेळी वही आपल्या बाजूला आहे. फरक एवढाच.

लवकरच गव्हाणीत पहिली मोळी पडेल, पूजा होईल, नारळ फुटेल. ती मोळी बांधणारे हात कुणाचे, हे त्या दिवशी प्रत्येकाने एकदा मनाशी आठवावे. आणि या हंगामात आपल्या फडातून टोळी पुढे निघताना, तिच्यातल्या एखाद्या बाईचे काय झाले असेल असे घरातल्या म्हातारीने विचारले, तर आपल्याला मान वर करून उत्तर देता यावे, एवढीच सर्व सभासदांना विनंती.

जय सहकार!

— संपादक मंडळ